आयोडीनचें दार

सन १९३६ च्या नोव्हेंबर महिन्यांतील १२ तारखेस बोस्टन येथील हार्वर्ड वैद्यक विद्यालयांत एक व्याख्यान झालें. व्याख्याते कार्ल कॉम्प्टन हे पदार्थविज्ञानाचे पंडित असून मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयाचे अध्यक्ष होते. आणि पदार्थविज्ञान हें जीवशास्त्राच्या व वैद्यकाच्या कोणत्या उपयोगीं पडेल हा त्यांचा विषय होता. अशा व्याख्यानांचा शेवट बहुधा टाळ्यांत होतो आणि मंडळी घरोघर जातात. येथें मात्र सॉल हर्ट्झ नांवाच्या ३१ वर्षांच्या एका डॉक्टरानें प्रश्न विचारला कीं, आयोडीन हें कृत्रिम रीतीनें किरणोत्सारी करतां येईल काय? कॉम्प्टन यांच्यापाशीं उत्तर तयार नव्हतें. सुमारें महिनाभरानें, १५ डिसेंबर रोजीं, त्यांनीं पत्र लिहून कळविलें कीं, आयोडीन किरणोत्सारी करतां येतें. मात्र त्याचें अर्धायुष्य २५ मिनिटांचें असतें.

प्रश्न दिसावयास लहान. पण त्याच्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा होता. १८११ सालीं फ्रान्समधील बर्नार कुर्त्वा हा सोरा तयार करणारा गृहस्थ समुद्रशैवालाच्या राखेवर काम करीत असतांना तिच्यांतून जांभळी वाफ उठली आणि थंड होऊन तिचे काळसर, चकचकीत स्फटिक बनले. ग्रीक भाषेंतील जांभळ्या रंगाच्या शब्दावरून या नव्या मूलद्रव्याला आयोडीन हें नांव मिळालें. पुढें नऊच वर्षांनीं जिनेव्हाच्या डॉ. क्वांदे यांनीं तें गलगंडाच्या रोग्यांना देऊन पाहिलें. कारण जळलेल्या समुद्री स्पंजाची राख गलगंडावर गुणकारी असते असा जुना समज होता, आणि तो गुण आयोडीनचाच असावा असा त्यांनीं तर्क बांधला. १८९५ सालीं जर्मनींतील ऑयगेन बाउमान यांनीं कंठांतील थायरॉइड ग्रंथींत आयोडीन असतें हें रसायनाच्या कसोटीवर दाखवून दिलें. गलगंड हा शब्द आपल्याकडील वैद्यकांत फार जुना आहे. परंतु कंठावरील त्या गांठीचा एका मूलद्रव्याशीं संबंध जुळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

थायरॉइड ही फुलपांखराच्या आकाराची, दीड-दोन तोळे वजनाची लहानशी ग्रंथि. शरीराचा एकंदर व्यवहार जलद चालावा कीं मंद, हें तिच्या स्रावावर अवलंबून असतें, आणि तो स्राव बनविण्यासाठीं तिला आयोडीन लागतें. अन्नांतून आलेलें आयोडीन रक्तांत फिरतें न फिरतें तोंच ही ग्रंथि तें उचलते. हर्ट्झ हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील थायरॉइड विभागाचे प्रमुख होते. ग्रंथि बेफाम होऊन नाडी धांवूं लागलेले, हात थरथरणारे, डोळे बटबटीत झालेले रोगी त्यांच्या रोजच्या पाहण्यांतले. त्यांचा विचार सरळ होता. ग्रंथीला आयोडीनची हांव आहे; मग त्याच आयोडीनमध्यें किरण भरून दिले, तर ग्रंथि आपलें औषध आपणच वेंचून घेईल.

अर्धायुष्य २५ मिनिटांचें, म्हणजे दर २५ मिनिटांनीं हातांतील ऐवज निम्मा होणार. उपचाराला ही मुदत अगदींच अपुरी, पण पाहणीला पुरेशी. १९३७ च्या अखेरीस आर्थर रॉबर्ट्स या तरुण पदार्थवैज्ञानिकानें रेडियम व बेरिलियम यांच्या मिश्रणांतून निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या साह्यानें तें आयोडीन बनविलें, आणि हर्ट्झ यांच्यासमवेत ४८ सशांवर प्रयोग केले. (हे रॉबर्ट्स फावल्या वेळीं आपल्याच शास्त्राची टर उडविणारीं गाणीं रचीत, प्रयोगशाळेंत असा एक मनुष्य असावाच.) अपेक्षेप्रमाणें सशांच्या थायरॉइडमध्यें आयोडीन जाऊन बसलेलें आढळलें. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें ग्लेन सीबोर्ग व जॉन लिव्हिंगूड यांनीं आयोडीन-१३१ शोधून काढलें. सीबोर्ग यांनीं नंतर सांगितलेली हकीकत अशी कीं, तेथील डॉक्टर जोसेफ हॅमिल्टन यांनीं आयोडीनच्या अल्पायुष्याबद्दल तक्रार केली, तेव्हां किती काळ टिकणारें हवें असें त्यांना विचारण्यांत आलें. आठवडाभराचें मिळावें अशी त्यांनीं इच्छा दर्शविली, आणि जें हातीं लागलें त्याचें अर्धायुष्य ८ दिवसांचें निघालें. सीबोर्ग यांच्या मातेलाच पुढें या आयोडीननें आयुष्याची जोड दिली.

ता. ३१ मार्च १९४१ रोजीं हर्ट्झ यांनीं बेफाम थायरॉइडनें पीडिलेल्या एका स्त्रीला सायक्लोट्रॉनमध्यें बनविलेलें किरणोत्सारी आयोडीन दिलें. शस्त्र नाहीं, जखम नाहीं. औषध पेल्यांतून प्यावयाचें आणि त्यानें आपण होऊन ठरलेल्या जागीं जाऊन काम करावयाचें, असा हा नवाच प्रकार होता. पण लवकरच महायुद्ध आलें. १९४३ सालीं हर्ट्झ नौदलांत दाखल झाले आणि त्यांचें काम डॉ. अर्ल चॅपमन यांच्या हातीं गेलें. १९४६ च्या मे महिन्यांत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकांत या विषयावर दोन लेख पाठोपाठ छापले गेले. एक हर्ट्झ व रॉबर्ट्स यांचा, २९ रोग्यांवरील अनुभवाचा. दुसरा चॅपमन व इव्हान्स यांचा, २२ रोग्यांवरील. एकाच रुग्णालयांतून, एकाच औषधावर, दोन जोड्यांनीं असे वेगवेगळे लेख लिहावेत, यावरून त्यांच्यांतील संबंध कसे होते तें वाचणाऱ्यानें ओळखावें. श्रेयाच्या या वांटणींत हर्ट्झ यांच्या पदरीं न्याय पुरतेपणीं पडला असें म्हणवत नाहीं. १९५० सालीं वयाच्या ४५ व्या वर्षीं ते वारले. मूळ प्रश्न कोणीं विचारला, याविषयीं मात्र कोणाचाच वाद नाहीं.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील माँटेफिओर रुग्णालयांत डॉ. सॅम्युएल सीडलिन यांच्यापुढें एक कोडें येऊन पडलें. एका पुरुषाची थायरॉइड ग्रंथि कित्येक वर्षांपूर्वीं कापून टाकलेली होती. तरीहि ग्रंथि बेफाम झाल्याचीं सगळीं लक्षणें त्याच्या ठिकाणीं दिसत होतीं. ग्रंथि नाहीं आणि तिचा स्राव मात्र वाहतो आहे! उलगडा असा झाला कीं, मूळ ग्रंथींत कर्करोग होता, त्याच्या पेशी शरीरभर पसरून हाडांत वगैरे रुजल्या होत्या, आणि परक्या मुलुखांत गेल्यावरहि आपला पिढीजात धंदा त्यांनीं सोडला नव्हता. १९४३ मध्यें सीडलिन यांनीं त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलें. तें त्या विखुरलेल्या गांठींत जाऊन जमलें, आणि रोग्याच्या वेदना कमी झाल्या. १९४६ सालीं ही हकीकत प्रसिद्ध होतांच मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ओक रिज येथील अणुभट्टींतून किरणोत्सारी द्रव्यें रुग्णालयांना मिळूं लागलीं. ज्या भट्टीचा जन्म अणुबाँबच्या खटाटोपांतून झाला, तिच्याच पोटांतून हें औषध निघालें. आपल्याकडे अप्सरा ही पहिली अणुभट्टी ट्रॉम्बे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं चालू झाली, आणि १९६३ सालीं मुंबईंत परळ येथें किरणोत्सार-वैद्यकाचें केंद्र निघालें. तेव्हांपासून थायरॉइडच्या रोग्यांना हा उपचार घरच्या अंगणांत मिळतो आहे.

सीडलिन यांच्या रोग्यानें वैद्यकाला एक आशा दाखविली आणि तिची मर्यादाहि दाखविली. कर्करोग अंगभर पसरला तरी त्याच्या पाठोपाठ जाऊन त्याला गांठणारें औषध असूं शकतें, ही आशा. मात्र तें गांठतें केवळ थायरॉइडच्या वंशांतील पेशींना, ही मर्यादा. स्तनाचा, आंतड्याचा, मेंदूचा कर्करोग त्याच रक्तांतून तेंच आयोडीन वाहत असतां स्वस्थ बसून राहतो.

त्यांत मेंदूची गोष्ट तर सर्वांत कठीण. ता. २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं लंडन येथें रिकमन गॉडली या शस्त्रवैद्यानें एका तरुणाच्या मेंदूंतील ग्लायोमा जातीची गांठ काढली. ती नेमकी कोठें आहे हें कवटी न उघडतां, केवळ लक्षणांवरून ठरविलें गेलें होतें, आणि ती तेथेंच सांपडली. निदानाचा तो मोठा विजय होता. रोगी मात्र महिनाभरांत जंतुदोषानें दगावला. पुढें जंतुदोष आटोक्यांत आला तरी रोग आटोक्यांत येईना. या गांठीला कांठ नसतो. तिच्या पेशी निरोगी मेंदूंत दूरवर शिरलेल्या असतात. दिसेल तेवढी गांठ काढली तरी न दिसणारी मागें उरते. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनीं १९२८ सालीं याचा अगदीं टोकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या रोग्यांचें डावें अंग आधींच लुळें पडलें होतें, त्यांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग त्यांनीं समूळ काढून टाकला. अर्धा मेंदू गेला, तरी रोग पुन्हां उलटला तो उलटलाच. या जातींतील सर्वांत उग्र प्रकाराला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चांचणींत शस्त्रक्रियेनंतर केवळ किरण दिलेल्यांपैकीं निम्मे रोगी १२.१ महिन्यांच्या आंत गेले. किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिल्यावर तीच मुदत १४.६ महिने झाली. ही अडीच महिन्यांची कमाई जगभर मोठी मानली गेली, यावरूनच या रोगाचें क्रौर्य ध्यानांत यावें.

आयोडीन-१३१ मेंदूच्या गांठीपर्यंत पूर्वीं एकदां पोंचलें होतें. १९४८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील जॉर्ज मूर यांनीं फ्लुओरेसीन जातीच्या एका रंगाला तें जोडलें आणि कवटीबाहेर गणक धरून गांठीची जागा शोधली. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या असले रंग बाहेर झिरपूं देत नाहींत. गांठीच्या वाहिन्या गळक्या असतात, म्हणून रंग तेथें सांठतो. परंतु या खेळांत आयोडीन हें रंगाच्या पाठीवर बसलेला उतारू होतें. गांठीनें तें आपण होऊन मागितलेलें नव्हतें, आणि त्याचा उपयोग रोग हुडकण्यापुरता झाला, मारण्यासाठीं नव्हे.

थायरॉइडची पेशी आयोडीन मागते म्हणजे काय करते, हें ठाऊक नसतांनाच वैद्यकानें पन्नास वर्षें त्या मागणीचा लाभ घेतला. पेशीच्या भिंतींत कोठेंतरी एक दार असलें पाहिजे एवढें कळलें होतें. तें दार कोणीं पाहिलें नव्हतें. तें शोधून काढलें नॅन्सी कॅरास्को या मूळच्या मेक्सिकोच्या विदुषीनें, आणि तेंहि ब्राँक्समध्येंच, अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयांत. त्यांची रीत मोठी धिमी पण मार्मिक होती. झेनोपस जातीच्या आफ्रिकी बेडकाचें अंडें हें दुसऱ्या प्राण्याच्या जनुकाचा निरोप निमूटपणें पाळतें. त्यांत जो निरोप टोंचावा, तें प्रथिन तें बनवून देतें. उंदराच्या थायरॉइड-पेशींतील निरोपांचे गट करून ते अंड्यांत टोंचावयाचे, कोणत्या गटानें अंडें आयोडाइड ओढूं लागतें हें पाहावयाचें, मग त्या गटाचे पोटगट करावयाचे, आणि असें चाळतां चाळतां अखेर एकच निरोप उरवावयाचा. १९८९ सालीं ही रीत चालते हें दिसलें. १९९६ त त्यांनीं व त्यांचे सहकारी गे दाई व ऑर्ली लेव्ही यांनीं तें जनुक हातीं आल्याचें ‘नेचर’ पत्रांत प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं ओहायो स्टेट विद्यापीठांतील सिस्सी ज्यांग यांच्या प्रयोगशाळेनें मनुष्याचेंहि तेंच जनुक वेगळें केलें. या दाराचें शास्त्रीय नांव सोडियम-आयोडाइड सिंपोर्टर. पेशीबाहेर सोडियम विपुल, आंत अल्प. त्याचा लोंढा सारखा आंत शिरूं पाहतो. दोन सोडियम आंत घेतांना हें प्रथिन एक आयोडाइड बरोबर खेंचून नेतें. अशा रीतीनें रक्तांत असेल त्याच्या वीस ते चाळीस पट आयोडाइड थायरॉइडमध्यें जमतें.

दाराचा नकाशा हातीं येतांच एक विचार अनेकांच्या मनांत एकदम उभा राहिला: हेंच दार मेंदूंतील कर्कपेशीला बसवून दिलें तर? मग सीडलिन यांच्या रोग्याप्रमाणें तीहि आयोडीन ओढील आणि आपला नाश आपणच ओढवून घेईल. मेंदूंतील गांठीवर जनुकाचा उपाय हा तोंपर्यंत अगदींच नवा राहिला नव्हता. १९९२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत, नागिणीच्या वर्गांतील विषाणूचें एक जनुक गांठींत घालून तिला एका औषधाला बळी पाडण्याचा प्रयोग मनुष्यावर सुरू झाला होता. उंदरांमध्यें तो फार यशस्वी झाला होता. परंतु २००० सालीं २४८ रोग्यांवरील चांचणीचा निकाल लागला, तेव्हां त्यापासून कांहीं लाभ आढळला नाहीं. कारण जनुक पोंचलें तें सुईच्या आसपासच्या थोड्याशा पेशींपर्यंतच. आयोडीनचा पक्ष येथें थोडा बळकट होता. आयोडीन-१३१ मधून निघणारा बीटा किरण शरीरांत एक-दोन मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे दार एका पेशीला बसलें तरी तिच्या शेजारच्या, दार नसलेल्या पेशींनाहि झळ लागते. शिवाय दार खरोखर बसलें किंवा नाहीं हें किरणचित्रांत बाहेरून पाहतां येतें. आंधळेपणानें वाट पाहावी लागत नाहीं.

ज्यांग यांच्या मंडळींनीं २००० सालीं विषाणूच्या वाहनावरून हें जनुक मनुष्याच्या ग्लायोमा-पेशींत पोंचविलें, आणि त्या पेशी आयोडाइड ओढूं लागल्या. २००२ सालीं त्यांनीं उंदरांच्या मेंदूंत दार बसविलेल्या ग्लायोमा-पेशी वाढविल्या. गांठी चित्रांत स्पष्ट उमटल्या, आणि आयोडीन-१३१ दिलेले उंदीर न दिलेल्यांपेक्षां अधिक दिवस जगले. मात्र येथें एक गोष्ट विसरतां कामा नये: त्या पेशींना दार प्रयोगशाळेंतच बसवून मग त्या उंदराच्या मेंदूंत सोडल्या होत्या. मनुष्याची गांठ अशी आधीं तयारी करून येत नाहीं.

आणि दुसरीहि एक अडचण निघाली. थायरॉइड-पेशी आयोडाइड नुसतें आंत घेत नाहीं. आंत येतांच तें एका मोठ्या प्रथिनाला जखडून टाकते. दाराबरोबर तिच्याकडे कोठार आहे आणि कोठाराला कुलूप आहे. ग्लायोमा-पेशीला दार दिलें तरी कोठार कोठून आणावें? आयोडाइड एका बाजूनें आंत येतें आणि कांहीं मिनिटांतच दुसऱ्या बाजूनें निसटूं लागतें. ज्याचें अर्धायुष्य ८ दिवसांचें, तें आपली शक्ति सावकाश खर्च करणार. आणि ज्या पाहुण्याला घडीभरच थांबावयाचें आहे त्याच्या सावकाशपणाचा उपयोग काय? हॅमिल्टन यांनीं आठवडाभराचें आयोडीन मागितलें तें थायरॉइडसाठीं, आणि तेथें तें अगदीं योग्य ठरलें; मेंदूच्या गांठींत तोच गुण दोष होऊन बसला. कुलपाचें जनुकहि बरोबर घालून पाहण्यांत आलें आहे, पण त्यानें भरंवशाचें काम होत नाहीं. त्यापेक्षां दुसरी तोड अधिक आशादायक दिसते. याच दारांतून जाणारीं, पण आपली शक्ति झपाट्यानें खर्च करणारीं द्रव्यें वापरावयाचीं: सुमारें १७ तास अर्धायुष्याचें रेनियम-१८८, किंवा ७ तासांच्या आसपास टिकणारें व आल्फा कण सोडणारें ॲस्टेटीन-२११.

या प्रत्येक वेळीं रोग्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथि हक्काची वांटेकरी म्हणून पुढें येतेच. तिला अगोदर तिच्याच स्रावाच्या गोळ्या देऊन झोंपवावें लागतें, म्हणजे ती आपलीं दारें मिटून घेते. जठर व लाळग्रंथि यांनाहि हें दार निसर्गतः असतें. त्यांची अशी समजूत घालतां येत नाहीं, आणि मात्रा किती वाढवावी याला तेथेंच बंधन पडतें.

मनुष्यावर या जनुकाचा सर्वांत गाजलेला प्रयोग मेंदूच्या बाहेरचा आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें गोवराच्या लसींतील विषाणूवर हें जनुक बसवून मायलोमा या मज्जेच्या कर्करोगानें पछाडलेल्या दोन स्त्रियांना तो विषाणु प्रचंड प्रमाणांत शिरेवाटे दिला गेला. हें वृत्त २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं एकीचा रोग पूर्णपणें मावळला. दुसरीला मिळालेला गुण टिकला नाहीं. त्यांतहि रोगावर घाव घातला तो विषाणूनें. आयोडीननें तो विषाणु कोठें पोंचला तें दाखविण्याचेंच काम केलें, म्हणजे मूर यांनीं १९४८ सालीं त्याच्याकडून जें काम घेतलें होतें त्याच जातीचें. नव्या मुंबईंत खारघर येथील टाटा केंद्राच्या प्रयोगशाळेंतहि या दारावर संशोधन चालतें. तेथील रोंख स्तनाच्या कर्करोगाकडे आहे, कारण त्या रोगाच्या बऱ्याच गांठींत हें दार मुळांतच असतें, फक्त तें पेशीच्या भिंतीपर्यंत न येतां आंतच अडकून पडतें.

मेंदूच्या गांठीला मात्र तें बाहेरूनच न्यावें लागणार, आणि सारा प्रश्न आतां वाहकाचा होऊन राहिला आहे. रक्त व मेंदू यांमधील तटबंदी विषाणूला सहजासहजीं आंत सोडीत नाहीं. सुईनें थेट मेंदूंत सोडलेला विषाणु टोंचलेल्या जागेपासून फार दूर जात नाहीं. आणि ग्लायोमाच्या ज्या पेशी गांठ सोडून निरोगी मेंदूंत भटकत गेल्या आहेत, त्याच रोग उलटविणाऱ्या असतात. म्युनिच येथील संशोधकांनीं अस्थिमज्जेंतील मूलपेशींवर हें जनुक लादून पाहिलें आहे. या पेशींना गांठीकडे स्वाभाविक ओढ असते, आणि त्या आपल्या पायांनीं तिच्यापर्यंत चालत जातात. उंदरांत हें साधलें आहे. मनुष्याच्या मेंदूंतील ग्लायोब्लास्टोमाला हें दार बसवून किरणोत्सारी आयोडीननें तो बरा केल्याचा दाखला अद्याप एकहि नाहीं.